रफूआत्याचा बुटका गुलाब

सिगारेटने कोपराला पाडलेलं भोक असो, उंदराने शालीत कुरतडलेली खिडकी असो, नाहीतर खिळ्याला अडकून टरकलेली पँट असो, रफूआत्याच्या हाताखालून गेली की फाटलेली जागा नाहीशी व्हायची. नाहीशी म्हणजे पार नाहीशी. गिऱ्हाईक कपडा उजेडात धरायचं, उलटा करायचं, सुलटा करायचं आणि शेवटी विचारायचं, "आत्या, फाटलं होतं तरी कुठे?" एवढं ऐकलं की आत्याचा दिवस सोन्याचा.

खरं तर ती आत्या एकाच पोरीची, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भावाच्या मुलीची. पोर शाळेतून आली की गल्लीच्या तोंडापासून "आत्याऽऽ" करत यायची. ती हाक आधी शेजाऱ्यांनी उचलली, मग गिऱ्हाइकांनी. पोर मोठी होऊन दुसऱ्या गावाला गेली, हाक मात्र इथेच राहिली. आत्यापेक्षा वयाने मोठी असलेली माणसंही तिला आत्याच म्हणत, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. चाळिशी ओलांडून पन्नाशीकडे तोंड करून उभी असलेली बाई, लग्न केलेलं नाही, तिला कुणी काही म्हटलं तरी चालतं, असं तिचं म्हणणं.

भावाच्या घराच्या खालच्या मजल्यावरची रस्त्याकडची खोली तिची. खोलीला एकच खिडकी, पण ऐसपैस. खिडकीच्या आत कामाचं टेबल, बाहेर दगडी कट्टा, आणि कट्ट्याला लागून रस्ता. रस्ता तिथेच वळतो, त्यामुळे सगळ्या गाड्या तिच्या खिडकीशी मान वाकडी करून जायच्या. टेबलावर इस्त्री, सुयांची डबी, फाटलेल्या जागेखाली धरायचा लाकडी गोळा आणि एक बोटभर कात्री. ही कात्री धाग्याची शेपटं तोडण्यापुरतीच. आत्याने आयुष्यात कापड कापलं नाही. "कापायला काय, शिंपीही कापतो," असं म्हणायची. "जोडायला बसा, मग कळेल." ती धागा कधी बाहेरचा घ्यायची नाही. त्याच कपड्याच्या दुमडीतून, आतल्या शिवणीतून हळूच ओढून काढायचा आणि त्यानेच भोक भरायचं. उभे धागे आधी, मग आडवे, एकाच्या वरून, एकाच्या खालून. दुपारच्या वेळी खिडकीतून तिरपं ऊन यायचं, त्या उन्हात तिचे हात पाण्याखाली हलल्यासारखे दिसत.

तर अशा या बाईकडे बसचा ड्रायव्हर आला.

पहिल्यांदा आला तेव्हा गणवेशाच्या कोटाची बाही दारच्या कडीला अडकून फाटली होती. उंच, किंचित पोक काढलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला माणूस. कोट दिला, कोट नेला. पंधरवड्याने परत आला. या खेपेला खिसा. मग पाठ. मग पुन्हा बाही.

"हा बाबा बस चालवतो की कुस्त्या खेळतो?" वहिनी जिन्यातून म्हणाली. वहिनी म्हणजे भावाची बायको. तिचा अर्धा दिवस वर आणि अर्धा जिन्यात जायचा.

आत्याने सुईत धागा ओवला. तिला एक गोष्ट माहीत होती. खिळ्याने फाटलेलं कापड वेगळं आणि दोन्ही हातांनी धरून फाडलेलं वेगळं. धागे खोटं बोलत नाहीत. पहिली बाही खरी फाटली होती. बाकीच्या सगळ्या फाटण्यांमागे हात कुणाचे, हे तिने धाग्यांच्या टोकांवरून ओळखलं होतं. ओळखून गप्प राहिली, आणि प्रत्येक वेळी पहिल्यापेक्षा बारीक काम करून दिलं.

"आणखी एक बघितलंस का?" वहिनी म्हणाली. "सगळं जग तुला आत्या म्हणतं, नाहीतर ताई म्हणतं. हा एकटाच 'अहो, ऐकलं का' करून सुरुवात करतो. ताई म्हणायला जीभ अडते त्याची."

"तू जा ना वर, दूध उतू जाईल."

"दूध नाही माझं उतू जात," वहिनी म्हणाली आणि गेली.

मग एके दिवशी तो कोट न घेताच आला. हातात चकचकीत कागदात गुंडाळलेली एक लहानशी कुंडी. कुंडीत वीतभर उंचीचा गुलाब. फुलं कोटाच्या बटणाएवढी, आतून पिवळसर, कडेला लाजल्यासारखी गुलाबी. पण बटणाएवढ्या फुलातही पाकळ्या मोठ्या गुलाबाला असतात तितक्या, एकावर एक नीट दुमडलेल्या. आत्याने जवळ घेऊन बघितलं तेव्हा तिला वाटलं, हे कुणीतरी बारीक सुईने केलेलं काम आहे.

"अहो, ऐकलं का," ड्रायव्हर म्हणाला. "मी बोलायला कच्चा. दिवसभर पाठीमागे बसभर माणसं, पण 'ड्रायव्हरशी बोलू नये' अशी पाटीच लावलीय माझ्या डोक्यावर. सवय राहिली नाही."

"बसा ना, ड्रायव्हरसाहेब."

तो बसला नाही. "तुम्ही लगेच काही सांगावं असं नाही. पुढचं आयुष्य माझ्याबरोबर काढावं असं कधी मनात आलंच, तर ही कुंडी बाहेर कट्ट्यावर ठेवा. मी वळणावर गाडी हळू करतोच. बघीन आणि समजेन. नाही ठेवलीत, तर तेही समजेन. हंगाम संपला की आमचे मार्ग बदलतात. तोवर मी या रस्त्यावर आहे."

"आणि नाहीच ठेवली तर?"

"तर काय, घरात छान दिसेलच की." असं म्हणून तो इतक्या घाईने निघाला, की टोपी टेबलावर विसरला आणि परत येऊन न बघता उचलून घेऊन गेला.

त्या दिवसापासून आत्याच्या खोलीत गुलाब होता आणि आत्या खोलीत असून नसल्यासारखी होती. सुईत धागा ओवून बसायची आणि ओवलेला धागा हातातच राहायचा. दुपारी टेबलावर डोकं टेकलं की अर्धवट झोपेत तिला ती बस दिसायची. बसमध्ये कुणी नाही. ती हळूहळू खोलीतच शिरते, टेबलावरच्या कापडावरून चालत जाते, एका धाग्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून. खिडक्यांतून बटणाएवढे दिवे लागलेले. ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर कुणीतरी बाई बसलेली असते, पाठमोरी. आत्या तिला हाक मारणार, तेवढ्यात वळण यायचं आणि जाग यायची. समोर गुलाब.

खिडकीच्या आत ठेवलेला. काचेपासून चांगला लांब, म्हणजे रस्त्यावरून दिसायला नको.

लाड म्हणाल तर विचारू नका. वारा लागू नये म्हणून आडोसा. थंडी वाजू नये म्हणून इस्त्रीजवळची जागा. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी विचारपूस.

"उद्या स्वेटर विणशील त्याला," वहिनी म्हणाली.

"लहान आहे गं."

"लहान कुठलं? बुटकं आहे ते. दोन्हींत फरक असतो."

फुलं सुकली, तरी आत्याने ती काढली नाहीत. एक फांदी मोडली, तर रेशमाच्या धाग्याने काडीला बांधून तिची मलमपट्टी केली, आणि बांधलेलं दिसू नये म्हणून धागाही हिरवा निवडला. नव्या फांद्या आल्या त्या लांब, फिकट, खिडकीकडे मान काढून बसलेल्या, कळीचा पत्ता नाही. मग खालची पानं पिवळी पडायला लागली. मग एका सकाळी पानांमागे तिला बारीक जाळी दिसली. एवढी बारीक, की क्षणभर तिने कौतुकानेच पाहिलं. मग त्या जाळीत टाचणीच्या टोकाहून लहान तांबडे ठिपके चालताना दिसले आणि तिने बोट झटकन मागे घेतलं.

हे रोप गेलं तर त्याच्याबरोबर काय जाणार आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मेलेली कुंडी कट्ट्यावर कोण ठेवणार, आणि ठेवली तरी बघणारा काय समजणार?

डेपोच्या दारासमोर एक बाई रोपं विकायला बसायची. गुलाब तिच्याकडूनच घेतलेला असणार. पण डेपोपाशी जायचं म्हणजे तो दिसणार. आत्याने त्याच्या सुट्टीचा दिवस पकडला. सुट्टी तिला कुणी सांगितली नव्हती. आठवड्यातून एक दिवस बस वळणावर हळू व्हायची नाही. बदलीचा तरणा ड्रायव्हर ब्रेक किंचाळत वळवायचा आणि टेबलावरच्या सुया डबीत खुळखुळायच्या. तो दिवस सुट्टीचा.

रोपवालीने कुंडी हातात घेतली, बोट मातीत खुपसलं, पान उलटं केलं आणि आत्याकडे असं बघितलं, की आत्याने पदर सावरावा तशी पिशवी सावरली.

"पोहायला शिकवताय का हिला?"

"पाणी जास्त झालं का?"

"वरची माती कोरडी लागल्याशिवाय थेंब नाही घालायचा. आणि बशीत पाणी साचू द्यायचं नाही. ठेवता कुठे?"

"घरात. इस्त्रीजवळ."

"अरे देवा. कोरड्या गरम हवेत तर या तांबड्या किडीचं फावतं. पानं उलटी करून पाण्याने धुवा, रोज. आणि बाई, हे बुटकं असलं तरी गुलाब आहे. दिसायला पोर, पोटाने पैलवान. याला ऊन लागतं, वारा लागतो. घरात ठेवायचंच तर अगदी काचेशी, भरपूर उजेडात. पण खरं सुख त्याला बाहेर."

"बाहेर," आत्या म्हणाली.

"आणि छाटा. सुकलेली फुलं, या लांबट काड्या, सगळं. निम्म्याहून खाली आणा."

"कात्री लावायची?"

"मग काय, समजूत घालणार? एका कुंडीत दाटी दिसावी म्हणून तीन-चार काड्या कोंबून लावलेल्या असतात. पुढे तब्येत सुधारली की वेगवेगळ्या करा. प्रत्येकीला आपापली मुळं आहेत, दुसऱ्या झाडावर बांधलेलं कलम नव्हे हे. वरून सगळं गेलं तरी खालून तेच झाड उगवतं, तेच फूल येतं. घाबरता कशाला?"

आत्या घरी आली ती डोक्यात एक युक्ती घेऊनच. पानं धुतली. पाणी तोडलं. कात्रीचं मात्र तिने मनावर घेतलं नाही. कापलेलं परत जोडणं किती अवघड, हे तिच्याहून जास्त कुणाला माहीत? आणि युक्ती अशी, की कुंडी बाहेर ठेवायची, पण फक्त त्याच्या सुट्टीच्या दिवशी. रोपाला ऊन मिळेल आणि कुणाला उत्तरही मिळणार नाही.

पहिल्या सुट्टीला ब्रेक किंचाळला तशी तिने खिडकी उघडली आणि कुंडी उन्हात ठेवली. दिवसभर रोप उन्हात, आत्या सावलीत, दोघंही डोळे मिटून. संध्याकाळी आत घेतलं तर पानांच्या कडा करपलेल्या. पुढच्या सुट्टीला तेच. मधले सगळे दिवस अंधारात काढून एकदम भर उन्हात उभं केलेलं रोप, ते भाजणार नाही तर काय. रोपवालीला विचारलं असतं तर म्हणाली असती, आधी सावलीत ठेवा, मग सकाळचं कोवळं ऊन, मग सगळं. सवय करा आणि मग बाहेरच राहू द्या. पण आत्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर का, हेही सांगावं लागलं असतं.

तिसऱ्या सुट्टीला बदलीवाल्याने वळणावर ब्रेक मारला, कट्ट्याकडे बघितलं आणि भोंगा वाजवायला सुरुवात केली तो थेट गल्ली संपेपर्यंत. डेपोत सगळ्यांना कुंडीची गोष्ट माहीत होती. ज्याने सांगायची नाही त्यानेच कधीतरी चहा पिता पिता सांगितली असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर आला. दाढी गुळगुळीत, केस ओले, कोट धडधाकट. दाराशी येण्याआधी त्याने कट्ट्याकडे बघितलं. कट्टा रिकामा. कुंडी आत टेबलावर.

"अहो," तो म्हणाला आणि थांबला. "काल बाहेर होती म्हणे."

"ऊन द्यायला ठेवली होती."

"काल माझी सुट्टी होती."

"हो."

"दर सुट्टीला ठेवता?"

आत्याने सुई उचलली. सुईत धागा नव्हता. तरी तिने एक टाका घातला.

ड्रायव्हरने कुंडीकडे पाहिलं. करपलेल्या कडा, उघड्या काड्या, हिरव्या रेशमाने बांधलेली फांदी. त्या फांदीवर त्याचं बोट थोडा वेळ राहिलं.

"म्हणजे मी रस्त्यावर नसलो की याला बाहेर यायला मिळतं," तो म्हणाला. रागाने नाही. हिशेब लागल्यासारखा.

"तसं नाही हो."

"नाही, नाही, बरोबर आहे. माझंच चुकलं. खूण ठरवताना झाडाचा विचारच केला नाही. आता असं करतो. मार्ग बदलायचेच आहेत, मी उद्याच्या पुढे पलीकडच्या बाजूचा मागून घेतो. म्हणजे तुम्ही रोज बाहेर ठेवा. त्याचा काही अर्थ होणार नाही. उद्या काय ती शेवटची फेरी."

तो गेला. जाताना टोपी विसरला नाही.

दुपारी वहिनी जिन्यातून खाली आली ती थेट आतच आली. आत्या कुंडी मांडीवर घेऊन बसली होती. ऊन तिरपं झालं होतं आणि त्यात धाग्याचे बारीक तंतू तरंगत होते. तिने वहिनीला सगळं सांगितलं.

"मला एक सांग," वहिनी म्हणाली. "लाज कुणाची वाटते? त्याची की गल्लीची?"

"दिसण्याची वाटते," आत्या म्हणाली. "अगं, जन्मभर मी असं काम केलं की कुणाला दिसू नये. दिसलं तर बिघडलं. आणि आता एकदम कट्ट्यावर? सगळ्या गल्लीसमोर?"

वहिनी तोंडाला पदर लावून हसत सुटली.

"हसतेस काय?"

"सगळ्या गल्लीला केव्हाचं दिसलंय, बाई माझे! कोपऱ्यावरचा दूधवाला मला विचारतो, कोट आज फाटला का? तुझ्या भावाने तर ही खोली रिकामी झाली तर सायकल ठेवायची, इथपर्यंत विचार केलाय. तुला एकटीलाच वाटतंय की रफू बेमालूम झालाय."

आत्याचे कान लाल झाले. मग तिलाही हसू आलं. आधी नाकातून, मग डोळ्यांतून.

"दादा सायकल ठेवणार?"

"दोन ठेवणार."

"ठेव म्हणावं, पण टेबल माझं आहे. मी रोज कामाला इथेच येणार."

आपण काय बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळलं. वहिनीने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि हे तिच्या स्वभावाच्या इतकं बाहेर होतं, की आत्याला त्याचंच रडू आलं.

मग तिने बोटभर कात्री उचलली. पहिली फांदी कापताना डोळे मिटले. दुसरीला उघडे ठेवले. सुकलेली फुलं, लांबट काड्या, करपलेली पानं, रेशमाने बांधलेली फांदी रेशमासकट. कुट कुट असा बारीक आवाज येत होता आणि खोलीत कच्च्या हिरव्याचा वास पसरला. एका काडीच्या कापलेल्या तोंडावर पाण्याचा थेंब उभा राहिला. आतलं लाकूड पांढरं, ओलं, जिवंत होतं. त्याच्याच खाली, पान गळलेल्या जागी, मोहरीएवढा तांबूस डोळा फुगला होता. आत्या तो बघत बसली. त्या रात्री तिला बसचं स्वप्न पडलं नाही. गाढ झोपली.

सकाळी तिने कुंडी कट्ट्यावर ठेवली. ऊन कोवळं होतं. कट्ट्याच्या ज्या टोकाला भिंतीची सावली लवकर येते, तिथे ठेवली, म्हणजे रोपाचंही जमेल. आणि पहिल्यांदाच खिडकीची दोन्ही दारं सताड उघडी टाकून कामाला बसली.

बस आली. वळणावर नेहमीसारखी हळू झाली. आणखी हळू झाली. जवळजवळ थांबलीच. मग पुढे गेली.

आत्याच्या हातातला लाकडी गोळा खाली पडून टेबलाखाली गडगडत गेला. ती उठून दारातून रस्त्यावर आली. बस वळणापलीकडे थांबली होती, थांबा नसलेल्या जागी. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि टोपी धरून तो पळत परत आला. मागे बसच्या सगळ्या खिडक्यांतून माणसांनी डोकी बाहेर काढली होती. जिन्यात वहिनी होतीच.

"अहो," त्याला धाप लागली होती. "कुंडी बाहेर आहे. पण, म्हणजे, हिच्यात झाडच नाही. चार खुंट आहेत नुसते. याचा मी काय अर्थ घ्यायचा? मेलं का ते?"

आत्या रस्त्यावर उभी होती, छातीशी पदरात सुई टोचलेली, केसांत धाग्याचे तुकडे. बसमधली माणसं बघत होती, दूधवाला बघत होता. तिला वाटलं होतं, असं कुणी बघितलं की आपण विरून जाऊ. पण पाय जमिनीवर होते आणि पाठीवर ऊन लागत होतं.

"छाटलंय," ती म्हणाली. "येईल परत, तेच फूल येईल. आणि फूल ठेवायचं असं कुठे ठरलं होतं? कुंडी ठेवायची ठरली होती, अहो."

शेवटचा शब्द तिने मोठ्याने म्हटला. ड्रायव्हरने टोपी काढली, परत घातली, परत काढली.

"गाडी बिघडली का हो?" बसमधून एक म्हातारबाबा ओरडले.

"नाही, आता दुरुस्त झाली!" वहिनी जिन्यातून ओरडली.

"मी... संध्याकाळी येतो," ड्रायव्हर म्हणाला आणि वळला. वळताना खिडकीच्या उघड्या दाराच्या कडीत त्याची बाही अडकली, त्याला कळलंच नाही, आणि चर्रकन आवाज झाला. आत्याने बाही हातात घेतली, फाटलेल्या धाग्यांची टोकं उन्हात धरून बघितली.

"हा मात्र खरा फाटलाय," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याचे कान आत्याच्या कानांसारखे लाल झाले.

"म्हणजे बाकीचे सगळे तुम्हाला..."

"जा आता," आत्या म्हणाली. "लोक खोळंबलेत. कोट संध्याकाळी घेऊन या."